किल्ली कुणाच्या कमरेला?

मोरोक्कोहून परत आल्यावर मी एक लेख लिहिला होता. आमच्या महिला मंडळाच्या वार्षिक अंकात तो छापून आला. बस्तीत भेटणाऱ्या बायकांनी वाखाणला. ‘तुझ्यामुळं आम्ही घरबसल्या फिरून आलो,’ असं दोघीतिघी म्हणाल्या. मीही चार दिवस हवेत होते. आज त्याच लेखाचं परीक्षण करायला बसले आहे. मधल्या काळात दोन पुस्तकं वाचली आणि आपला लेख किती वरवरचा होता ते कळलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायच्या आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ बघावं, म्हणून सुरुवात माझ्याच लेखापासून करते.

मोरोक्कोमध्ये चार शहरांना ‘शाही शहरं’ म्हणतात. फेझ, माराकेश, मेकनेस आणि रबात. प्रत्येक शहर कधी ना कधी कुठल्या तरी राजघराण्याची राजधानी होतं. प्रत्येकात तटबंदीच्या आतलं जुनं गाव आहे. त्याला तिथं ‘मदिना’ म्हणतात, म्हणजे नुसतं ‘शहर’. चारही युनेस्कोच्या यादीत आहेत. फेझ १९८१ मध्ये, माराकेश १९८५ मध्ये, मेकनेस १९९६ मध्ये आणि रबात २०१२ मध्ये. ही सगळी माहिती माझ्या लेखात होती. कुठला सुलतान, किती साली, किती उंच मिनार, सगळं होतं. मेकनेसच्या मौले इस्माइलनं १६७२ ते १७२७ अशी पंचावन्न वर्षं राज्य केलं, केवढे तट, केवढी कोठारं बांधली, माराकेशचा बदी महाल ओरबाडून तिथलं सामान आपल्या शहरात नेलं, हे मी रंगवून लिहिलं होतं. वाचणारीला वाटावं, बाईनं अभ्यास केलाय. अभ्यास कसला, बसमध्ये गाईड बोलत होता आणि मी वहीत उतरवत होते.

त्यातही एक ढळढळीत चूक. फेझच्या जुन्या शहरात शिरताना एक मोठा दरवाजा लागतो, बाब बुजलूद. बाहेरून निळ्या नक्षीचा, आतून हिरव्या. सगळ्या टूरचे ग्रुप फोटो तिथंच होतात, आमचाही झाला. मी लिहिलं होतं, ‘हजार वर्षं उभा असलेला हा दरवाजा’. प्रत्यक्षात तो दरवाजा १९१३ चा आहे. फ्रेंचांनी १९१२ मध्ये मोरोक्कोवर आपलं संरक्षित राज्य लादलं, त्यानंतरच्या वर्षीचा. म्हणजे आमच्याकडच्या कित्येक वाड्यांपेक्षा तो लहान. शहर हजारावर वर्षांचं आहे, म्हणून दरवाजाही तसाच असणार, असं मी धरून चालले. आपण टूरला जातो तेव्हा बऱ्याच गोष्टी अशाच धरून चालतो. समोर जे छान दिसतं ते जुनंच असणार, आणि जे जुनं ते खरंच असणार.

दुसरी गोष्ट चुकीपेक्षा जास्त टोचणारी आहे. फेझमध्ये चामडं कमावण्याची जुनी कुंडं आहेत, शुआरा नावाची. मधमाशांच्या पोळ्यासारखी गोल गोल दगडी कुंडं. काहींत चुना आणि कबुतरांची विष्ठा, त्यात कातडी भिजत घालायची. काहींत रंग. आजूबाजूच्या चामड्याच्या दुकानांच्या गच्चीवरून ती बघायची. वर चढताना दुकानदार हातात पुदिन्याची काडी देतो, वास सहन व्हावा म्हणून. आमच्या ग्रुपमधल्या आम्ही चौघी जैन बायका वर गेलोच नाही. खाली गल्लीत उभ्या राहिलो, णमोकार म्हटला. माझ्या लेखात या प्रसंगाला चांगला मोठा परिच्छेद दिला होता आणि वाचणाऱ्यांना तोच सगळ्यांत आवडला. ‘परदेशातही आपला धर्म सोडला नाहीस,’ म्हणून कौतुक झालं.

न जाण्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. पण त्या परिच्छेदात मी स्वतःबद्दलच लिहिलं होतं. माझी किळस, माझा संयम, माझं सोवळं. त्या कुंडांत सकाळपासून मांडीपर्यंत उतरून उभ्या असलेल्या माणसांबद्दल एक ओळ नव्हती. त्यांच्या पायांचं काय होत असेल, त्यांना दिवसाला काय मिळत असेल, हे मला विचारावंसंही वाटलं नाही. अहिंसेचा विचार जनावरापर्यंत जाऊन माणसापाशी थांबला, तर तो अर्धाच झाला. गच्चीवर गेलेल्यांनी नाकाशी पुदिना धरला, मी णमोकार. दोघांनीही बघायचं टाळलं ते सारखंच.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे त्या अख्ख्या लेखात बायका नव्हत्या. दोन दिवस आम्ही फेझच्या गल्ल्यांतून चाललो. गल्ल्या अशा की दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतील. मोटार नाही, गाढवं आणि खेचरं, मागून ‘बालाक, बालाक’ ओरडत येणारे हाकणारे, म्हणजे बाजूला व्हा. दोन्ही बाजूंना उंच कोऱ्या भिंती. रस्त्याकडे जवळपास खिडकीच नाही. गरिबाचं घर आणि सावकाराचं घर बाहेरून सारखंच. आत गेलं की चौक, चौकात कारंजं, भिंतींना रंगीत फरश्यांचे तुकडे जुळवून केलेली नक्षी, वर कोरीव लाकूड. ज्यूंच्या वस्तीत, मल्लाहमध्ये, मात्र रस्त्याकडे तोंड केलेले लाकडी सज्जे दिसतात. फेझचा हा मल्लाह १४३८ पासूनचा, मोरोक्कोतला पहिला. बाकी शहर आत बघणारं, हा भाग बाहेर बघणारा. हे मी डोळ्यांनी बघितलं आणि लेखात काय लिहिलं? ‘किती घरंदाज वास्तुकला!’ त्या कोऱ्या भिंतीमागं दिवसभर कोण असायचं, त्यांना बाहेर पडायचं असलं तर कुणाला विचारावं लागायचं, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही. मी वाड्यात वाढलेली बाई, तरी आला नाही.

तो प्रश्न मला पुस्तकांनी विचारला. मुलीनं माझा लेख वाचला, काही बोलली नाही, आणि एक पुस्तक माझ्या उशाशी ठेवून गेली. दुसरं तिनं फोनवर उतरवून दिलं. मी बीए झालेली, पण इंग्रजी वाचायला डिक्शनरी लागते, त्यामुळं दोन्ही वाचायला तीन महिने लागले. दोन्ही बायकांनी लिहिलेली, दोन्हींत फेझ आहे, आणि दोन्हींत त्या भिंतींच्या आतल्या बायका आहेत. पण जमीन-अस्मानाचा फरक.

पहिलं एडिथ व्हार्टन यांचं ‘इन मोरोक्को’. व्हार्टनबाई मोठ्या अमेरिकन कादंबरीकार. पहिल्या महायुद्धात त्या पॅरिसमध्ये राहून निर्वासितांसाठी काम करत होत्या. १९१७ मध्ये त्या मोरोक्कोला गेल्या. तिथले फ्रेंच रेसिडेंट जनरल लिओते यांच्या पाहुण्या म्हणून, लष्कराच्या मोटारीतून. पुस्तक निघालं १९२० मध्ये. मोरोक्कोची इंग्रजीत गाईडबुकच नाहीत, युद्ध संपलं की पर्यटकांचे लोंढे येतील, त्याआधी हे बघून घ्यावं, अशी त्यांची भूमिका. म्हणजे आपण सगळ्या त्या लोंढ्यातल्याच, शंभर वर्षं उशिरा पोचलेल्या.

बाईंची नजर तीक्ष्ण आहे यात वाद नाही. भिंतीवरचा चुना कसा सोलला आहे, कोरलेलं लाकूड कसं सडत आहे, संध्याकाळचा उजेड कुठल्या कमानीवर कसा पडतो, हे त्यांच्याइतकं नेमकं मी वाचलेलं नाही. माराकेशमध्ये त्या बहिया महालात राहिल्या. आपण तिकीट काढून तिथल्या रिकाम्या चौकांतून तासभर फिरतो, त्या तिथं मुक्कामाला होत्या. आणि त्या बाई असल्यामुळं जिथं कुठल्याही परक्या पुरुषाला पाऊल ठेवता आलं नसतं तिथं, जनानखान्यात, त्यांना जाता आलं. त्यावर त्यांनी एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे.

त्या प्रकरणाची मी फार आशेनं वाट बघत होते, आणि तिथंच पुस्तक माझ्या दृष्टीनं पडलं. रबातच्या राजवाड्यातल्या बायका त्यांना त्यातल्या त्यात हसऱ्या, बोलक्या वाटल्या. सुलतानाच्या आईचा त्यांच्यावर चांगला प्रभाव पडला. पण फेझच्या घरांतल्या बायका म्हणजे फिकुटलेल्या, थकलेल्या, निर्विकार. पुदिन्याचा चहा येतो, गोडधोड येतं, दुभाष्यामार्फत चार शब्द होतात, आणि बाई बाहेर पडतात. त्यांनी जे बघितलं ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. शिक्षण नाही, उजेड नाही, करायला काम नाही, याबद्दल त्यांना मनापासून वाईट वाटलं आहे. पण आपल्याकडंही पाहुणीच्या समोर सुना कशा बसायच्या ते आठवा. मान खाली, हातात पदराचं टोक. ती पाहुणी घरी जाऊन म्हणणार, ‘मुक्या आहेत बिचाऱ्या.’ आणि पाहुणी गेल्यावर स्वयंपाकघरात तिची नक्कल कशी व्हायची, तेही आठवा. तासाभराच्या चहात घरातल्या बायकांचा चेहरा कळतो, मन कळत नाही. व्हार्टनबाईंनी चेहऱ्यावरून मनाचा निकाल देऊन टाकला.

त्यामागं आणखी एक कारण मला दिसतं. पुस्तक अर्पण केलं आहे लिओते आणि त्यांच्या पत्नीला. एक अख्खं प्रकरण लिओतेंच्या कामाच्या कौतुकाचं आहे. लिओतेंचं धोरण असं की जुन्या मदिनांना हात लावायचा नाही, फ्रेंच लोकांसाठी तटाबाहेर रुंद रस्त्यांची नवी शहरं वसवायची. राजधानीही त्यांनी फेझहून रबातला हलवली. त्यामुळं जुनी शहरं वाचली हे खरं, आज आपण ती बघू शकलो ते त्यामुळंच. पण हवा, उजेड, बागा नव्या शहरात आणि जुन्या शहरात जुनंपण, अशी वाटणीही झाली. जुनं गाव पाहुण्यांना दाखवण्याजोगं राहिलं, म्हणून आतल्या माणसांनीही जुनंच राहावं. यजमानाची गाडी, यजमानाचा दुभाषी, यजमानाचं कौतुक. एवढं सगळं घेतल्यावर पाहुणीला घरातलं वेगळं काही ऐकू येणं कठीणच.

आणि गंमत, की त्याच १९२० मध्ये याच बाईंची ‘द एज ऑफ इनोसन्स’ ही कादंबरी आली. पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं. कादंबरीसाठी ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. ती कादंबरी कशावर आहे? न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरांतल्या न बोललेल्या नियमांवर. दाराला कुलूप नाही, कुणी पहारा देत नाही, तरी माणूस त्या नियमांबाहेर पाऊल टाकू शकत नाही. आपल्या गावची न दिसणारी भिंत जिला एवढी स्पष्ट दिसली, तिला फेझमधली फक्त दिसणारी भिंत दिसली. हसून सोडण्याजोगी ही गोष्ट नाही, कारण मी तर दोन्ही बघितल्या नाहीत.

दुसरं पुस्तक फातिमा मर्निसी यांचं, ‘ड्रीम्स ऑफ ट्रेसपास’, १९९४ चं. मर्निसी १९४० मध्ये फेझमध्ये, अशाच एका भिंतीआडच्या घरात जन्मल्या. पुढं समाजशास्त्रज्ञ झाल्या, रबातला शिकवलं, २०१५ मध्ये गेल्या. हे पुस्तक म्हणजे बालपणाच्या आठवणींच्या रूपातली कादंबरी. सांगणारी सात-आठ वर्षांची मुलगी. घरात वडील, काका, त्यांच्या बायका, आजी, चुलत भावंडं, नवऱ्यानं सोडलेली हबीबा आत्या. दारावर अहमद नावाचा राखणदार. बायकांना बाहेर जायचं तर पुरुषांची परवानगी पाहिजे आणि अहमदनं दार उघडलं पाहिजे.

यातली एक गोष्ट मी कधी विसरणार नाही. घरातला रेडिओ पुरुषांच्या दिवाणखान्यात, कपाटात कुलूपबंद. किल्ली पुरुषांकडं, असं पुरुषांना वाटतं. एक दिवस वडील मुलांना सहज विचारतात, आज दिवसभर काय केलं? मुलं भाबडेपणानं सांगतात, रेडिओ कैरो ऐकला. घरात हलकल्लोळ. बायकांनी दुसरी किल्ली मिळवलेली असते. वडिलांच्या मनात येतं ते असं, की आज यांनी रेडिओची किल्ली केली, उद्या दाराची करतील. आणि बायका चिडतात त्या मुलांवर, कारण मुलांनी खरं बोलून फितुरी केली. एवढ्याशा प्रसंगात राज्य, कायदा, बंड आणि हेरगिरी सगळं आलं. व्हार्टनबाईंना ज्या बायका निर्विकार वाटल्या त्यांच्या लेकी-सुना या, तीसएक वर्षांनंतरच्या. या बायका घरात नाटकं बसवतात. गच्चीवर चढून आभाळ बघतात. हबीबा आत्या रात्री गोष्टी सांगते आणि चोरून पंख पसरलेले पक्षी भरतकामात काढते, कारण सगळ्यांसमोर काढायचा नमुना परंपरेनं ठरलेला. शेतावर राहणारी दुसरी आजी, यास्मिना, आपल्या सवतीचं नाव एका लठ्ठ बदकाला ठेवते. मी हसून हसून बेजार झाले.

ही यास्मिनाच नातीला सांगते, की हरमला भिंत असतेच असं नाही. प्रत्येक जागेचे न दिसणारे नियम असतात. ते मनात घेऊन फिरणारी बाई मोकळ्या रानातसुद्धा हरममध्ये असते. या पानावर मी पुस्तक मिटून ठेवलं. मला माझी आत्ती आठवली.

निपाणीकडच्या आमच्या गावी दगडी वाडा होता. बाहेर सोपा, मग चौक, माजघर, मागं परसू, वर माडी. आत्ती विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली ती कायमची. माडीवरची कोपऱ्यातली खोली तिची. आपण जैन लोक अभिमानानं म्हणतो, ‘आमच्यात पडदा नव्हता, मुलींना शिकवत होते.’ खरं आहे. आत्तीला धर्मग्रंथ वाचता येत होते, चातुर्मासात बायकांना वाचून दाखवायची. वाड्याच्या दाराला दिवसा कडीसुद्धा नसायची. राखणदार नव्हता. तरी आत्ती सोप्यात कधी आली नाही. कुणी नको म्हटलेलं मी ऐकलं नाही, ती मात्र यायची नाही. कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा आज्जीच्या कमरेला. दाराची किल्ली कुणाच्याच कमरेला नव्हती आणि दार बंद होतं.

आत्ती आता ऐंशीच्या पुढं आहे. तिला मी मर्निसींच्या पुस्तकातली रेडिओची गोष्ट मराठीत सांगितली. ती तोंडाला पदर लावून हसली. म्हणाली, ‘आमचा रेडिओ सोप्यात. कुलूपबिलूप काही नव्हतं. आम्ही माजघराच्या दाराआड. तात्यांनी आवाज बारीक केला की आम्ही भांडी घासायची थांबवायची. आवाज थांबला की ते ओरडायचे, काय गं, कामं झाली काय?’ पन्नास वर्षांपूर्वीचं हे मला माहीत नव्हतं. त्याच घरात मी खेळत होते. व्हार्टनबाई निदान परक्या देशात होत्या.

मर्निसींचं पुस्तक निर्दोष आहे असं नाही. आठ वर्षांची मुलगी पुष्कळदा प्राध्यापिकेसारखी बोलते. घरातली प्रत्येक बाई सुभाषितं बोलते, तेव्हा लेखिका मागून सांगते आहे हे कळतं. पुस्तक मुळात इंग्रजीत, बाहेरच्या वाचकांसाठी लिहिलेलं, त्यामुळं तळटीपांतून इतिहास समजावणं आलं. आणि घर आहे खाऊनपिऊन सुखी माणसांचं. लहानपणी पळवून आणून विकलेल्या मीना नावाच्या गुलाम बाईची कहाणी त्यात आहे, ते प्रकरण काळीज चिरतं. पण कुंडात उभा राहणारा माणूस आणि त्याची बायको याही पुस्तकात नाहीत. फेझच्या मोठ्या घरांतली चुप्पी मर्निसींनी फोडली, छोट्या घरांतली अजून तशीच आहे. तरीसुद्धा दोन्हींतलं एकच पुस्तक सोबत नेता येणार असेल तर मी मर्निसींचं सांगेन. इमारती बघायला व्हार्टनबाईंच्या नजरेचा उपयोग होईल. पण इमारत बघून झाल्यावर ‘इथं राहणं म्हणजे काय होतं’ हे सांगणारं माणूस आतलंच लागतं.

आता आपल्या लिखाणाबद्दल. मराठीत बायकांनी लिहिलेल्या प्रवासवर्णनांना तोटा नाही. मीना प्रभूंनी तर एकट्यानं देशोदेशी फिरून, लोकांत मिसळून जाडजूड पुस्तकं लिहिली आणि आमच्यासारख्यांना घराबाहेर पडायचं धाडस दिलं. पण आमच्या मंडळांच्या अंकांत, दिवाळी पुरवण्यांत जे येतं, त्यात माझाही लेख आला, ते एकाच साच्याचं असतं. पहाटेचं विमान, खाखऱ्याचे डबे, कुसकुसात कांदा-बटाटा-गाजर नाही ना याची चौकशी, राजांची नावं, ‘डोळ्यांचं पारणं फिटलं’, आणि शेवटी ‘पण आपलं घर ते घर’. खाण्याच्या चौकशीला मी हसत नाही, ती मीही करते आणि करणार. पण वेटरला भाजीत काय आहे ते खोदून खोदून विचारणारी बाई, या महालातल्या बायका कुठल्या दारानं बाहेर जायच्या, हे एकदाही विचारत नाही. ज्या गोष्टी आपल्याला सगळ्यांत जास्त कळतात, म्हणजे चूल, चौक, माडी, उंबरा, सासू, किल्ल्या, त्या आपण घरी ठेवून जातो आणि तिथं जाऊन पुरुषांनी लिहिलेला राजांचा इतिहास उतरवून आणतो.

फेझमधलंच उदाहरण देते. तिथली करवीयिन मशीद आणि तिच्याभोवती वाढलेलं विद्यापीठ जगातल्या सगळ्यांत जुन्यांपैकी मानतात. इसवी सन ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी या बाईनं, वडिलांकडून आलेल्या पैशांतून ती बांधून घेतली, असं परंपरा सांगते. मुसलमान नसलेल्यांना आत जाता येत नाही, म्हणून आम्ही दारातून डोकावलो आणि पुढं निघालो. माझ्या लेखात या बाईला अर्धी ओळ होती, मौले इस्माइलला दीड पान. आपल्याकडंही बस्त्या बांधणाऱ्या, मूर्ती घडवून घेणाऱ्या, ग्रंथ लिहवून घेणाऱ्या श्राविका शिलालेखांतून भेटतात. मला फातिमाशी लगेच ओळख सांगता आली असती. मी सांगितली नाही.

हे सगळं करायला मोरोक्कोलाच जायला पाहिजे असं नाही. बेळगावच्या किल्ल्यात आपण कमल बस्तीला जातो. रट्टांच्या काळातली, १२०४ सालची, आत नेमिनाथ. खंदक, तट, दरवाजा ओलांडून आपण आत जातो, छतातल्या दगडी कमळाखाली उभ्या राहतो, दर्शन घेऊन बाहेर येतो. पुढच्या वेळी लेकी-सुनांना घेऊन जाल तेव्हा थोडं थांबा आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला विचारा, तुमच्या काळात तुम्हाला इथवर यायला कुणाला विचारावं लागायचं? एका वाक्यात उत्तर मिळणार नाही. बसून ऐका.

मी आत्तीला विचारलं. तिला बाहेर पडायला एकच वाट होती, बस्तीची. ‘बस्तीला जाते म्हटलं की कुणी अडवत नव्हतं. जाताना सरळ जायचं. येताना विहिरीकडनं, मग शाळेकडनं, मग माळावरनं. सगळं गाव बघून यायचं.’ एवढं सांगून तिनं मला उलट विचारलं, ‘त्या तुझ्या फेझच्या बायकांना कुठं जायची मुभा होती?’

मी म्हटलं, ‘हमामला. सगळ्यांचं मिळून न्हाणीघर असायचं, तिथं जायच्या.’

आत्ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘मग येताना लांबनं येत असतील.’

हे एक वाक्य माझ्या लेखात असायला हवं होतं.